नदीकाठच्या उतारावर सार्वजनिक इमारत: नकाशाआधी छेद का काढायचा?

दर पावसाळ्यात 'निळी रेषा' आणि 'लाल रेषा' हे शब्द बातम्यांत येतात आणि पाणी ओसरलं की मागे पडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं. याच काळात राज्यात नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनाही जोरात आहेत. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा प्रकल्प चालू आहे आणि त्यावरचा वादही. लहान नगरपालिकांनाही नदीकडेला नाट्यगृह हवं असतं, वाचनालय हवं असतं, सांस्कृतिक भवन हवं असतं.

ही इच्छा चुकीची नाही. नदीकाठ ही गावाची सगळ्यांत चांगली जागा असते आणि ती खासगी सोसायट्यांना मिळण्यापेक्षा सगळ्या गावाची झालेली बरी. पण अशा इमारतीचं चित्र वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा ते बहुतेक समोरून काढलेलं असतं: काचा, कारंजं, संध्याकाळचे दिवे. ती पूर सोसेल की नाही, हे त्या चित्रात दिसतच नाही. ते दिसतं दुसऱ्याच एका रेखाटनात, आणि ते लोकांसमोर क्वचितच येतं. हा लेख त्या रेखाटनाबद्दल आहे.

## छेद म्हणजे काय

इमारत वरून पाहिली की मिळतो तो नकाशा, म्हणजे प्लॅन. तीच इमारत जमिनीसकट उभी कापली आणि कापलेली बाजू पाहिली, की मिळतो तो छेद. वास्तुविशारद त्याला 'सेक्शन' म्हणतात. सपाट जागेवर नकाशा आधी काढला तरी चालतं, कारण जमीन सगळीकडे एकाच उंचीवर असते. उतारावर नकाशा फसवतो. कागदावर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन खोल्यांमध्ये प्रत्यक्षात चार मीटरचा फरक असू शकतो. नदीकाठच्या उतारावर तर उंची हाच खरा प्रश्न असतो: पाणी कुठवर येणार आणि माणसं, पुस्तकं, विजेची उपकरणं कुठे असणार.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. सर्वेक्षक जागेवर समान उंचीचे बिंदू जोडून रेषा काढतात, त्या समोच्च रेषा. रेषा जवळजवळ असतील तिथे चढ तीव्र, लांब असतील तिथे सौम्य. समोच्च रेषांचा हा नकाशा हातात नसताना काढलेलं कुठलंही 'संकल्पचित्र' गंभीरपणे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं काम माती तपासण्याचं. आपल्याकडे खाली बहुधा काळा कातळ असतो, पण तो दोन मीटरवर लागेल की बारा मीटरवर, हे जागोजागी बदलतं. मध्ये काळी कपाशीची माती असेल, तर ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. नदीकाठी हे ओलं-सुकं दरवर्षी होतं. अशा मातीवर उथळ पाया घातला, तर भिंतींना तिरप्या भेगा ठरलेल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे नदीचं वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त असतो आणि काठ खचत जातो. आतल्या बाजूला वेग मंदावतो आणि गाळ साचतो. तोच उतार, तीच माती, पण वळणाच्या बाहेरच्या अंगाला असलेली जागा कितीतरी धोक्याची.

## निळी आणि लाल रेषा नेमकं काय सांगतात

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. वरच्या बाजूला धरण असेल, तर सांडव्यातून सुटणारं पाणीही हिशेबात धरलं जातं. नदी आणि निळी रेषा यांमधला भाग निषिद्ध क्षेत्र. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तिथे बाग, हिरवळ, उघडं पार्किंग, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प अशा मोजक्याच गोष्टींना परवानगी आहे. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचीवर.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न: 'शंभर वर्षांतून एकदाच येणार ना? मग आपल्या हयातीत कशाला काळजी?' शंभर वर्षांचा पूर म्हणजे आज येऊन गेला तर पुढची शंभर वर्षं सुट्टी, असा अर्थ होत नाही. अर्थ एवढाच, की तो कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे. गेल्या वर्षी आला असेल तरी यंदाही १ टक्का. सार्वजनिक इमारत किमान ५० वर्षं वापरली जाते. दरवर्षीचा हा १ टक्का ५० वर्षांच्या हिशेबात घेतला, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्क्यांवर जाते. निळ्या रेषेपर्यंतच्या पुरासाठी, म्हणजे दरवर्षी ४ टक्क्यांसाठी, तीच शक्यता ८७ टक्के होते. थोडक्यात, निळ्या रेषेला पाणी लागणार हे गृहीत धरूनच बांधायचं आणि लाल रेषेला लागेल अशी तयारी ठेवायची.

शिवाय या रेषा आजवरच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. पाणलोटातलं बांधकाम वाढलं, ओढे बुजले, पावसाची तऱ्हा बदलली, तर त्याच पावसाला नदी जास्त चढते. म्हणून नियमातले ०.४५ मीटर ही किमान मर्यादा समजावी.

## एक भूखंड घेऊन पाहू

समजा, एका नगरपालिकेकडे रस्त्यापासून नदीपर्यंत ६० मीटर खोल भूखंड आहे. तिथे नाट्यगृह बांधायचं आहे. रस्त्याची पातळी १०० मीटर धरू. नदीच्या कडेला जमीन ९१ मीटरवर येते, म्हणजे ९ मीटरचा उतार, साधारण १५ टक्के. निळी रेषा ९४ वर, लाल रेषा ९६.५ वर. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण अशा जागा आपल्याकडे भरपूर आहेत.

आता छेद काढायला घेऊ. रस्त्यापासून सुमारे २३ मीटरपर्यंत जमीन लाल रेषेच्या वर आहे. २३ ते ४० मीटर हा नियंत्रित पट्टा. ४० मीटरच्या पुढे निषिद्ध. म्हणजे ६० मीटरपैकी ४० मीटरच इमारतीसाठी, आणि त्यातही अर्ध्याहून थोडाच जास्त भाग निर्धोक.

अशा वेळी पहिली सूचना येते ती जागा सपाट करून घेण्याची. पण नाट्यगृहाला सपाट जमीन लागतच नाही. प्रेक्षकांच्या रांगा मागे चढत जाव्या लागतात, नाहीतर पुढच्याचं डोकं आड येतं. एका रांगेला ९० सेंटिमीटर खोली आणि १५ सेंटिमीटर चढ धरला, तर २२ रांगांना सुमारे २० मीटर लांबी आणि ३.३ मीटर उंची लागते. हा चढ निघतो साधारण १७ टक्के. जमिनीचा उतार १५ टक्के. जमिनीने आसनव्यवस्था जवळजवळ तयारच करून दिली आहे.

रस्त्याकडून ६ मीटर मोकळे सोडू. मागची रांग १००.६ वर, म्हणजे रस्त्यापेक्षा फक्त ६० सेंटिमीटर उंच. पुढची रांग २६ मीटर अंतरावर, ९७.३ वर. त्यापुढे दहा मीटर रंगमंच, तो ३६ मीटरला संपतो. निळी रेषा अजून ४ मीटर लांब आहे. सगळं प्रेक्षागृह जमिनीच्या सव्वा ते दीड मीटर वरून उतरत जातं, जमिनीला जवळपास समांतर. खोदाई पायांपुरती, भराव शून्य. प्रेक्षक रस्त्यावरून छोट्या पुलावरून मागच्या रांगेशी येतात आणि खाली उतरतात. बाहेर पडताना वर चढतात, म्हणजे आणीबाणीतही गर्दीचा ओघ नदीपासून लांब, उंच जमिनीकडे जातो. रंगमंचाजवळचे आपत्कालीन दरवाजेसुद्धा नदीकडे न उघडता बाजूच्या वाटेने रस्त्याकडे चढवले पाहिजेत.

पुढच्या रांगेची फरशी ९७.३ वर का, ९६.९५ वर का नाही? नियमाप्रमाणे ९६.९५ चालली असती. पण फरशीखाली तुळया असतात. तुळई ६० सेंटिमीटरची असेल, तर ९६.९५ वरच्या फरशीच्या तुळईचा तळ ९६.३५ वर येतो, लाल रेषेच्या खाली. पुरात वाहून येणारं झाड तुळईला अडकणार, त्यात जलपर्णी अडकणार आणि नदीत आडवा बांध तयार होणार. फरशी ९७.३ वर नेली, की तुळईचा तळ ९६.७ वर येतो, लाल रेषेपासून २० सेंटिमीटर वर. हे ३५ सेंटिमीटर कुठल्याही संकल्पचित्रात दिसत नाहीत. छेदात दिसतात.

## 'भराव घालून सपाट का करू नये?'

हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत महागात पडणारा मोह आहे. नदीच्या कडेला भिंत बांधायची, मागे मुरूम-राडारोडा टाकायचा आणि सपाट मैदान मिळवायचं. आपल्या उदाहरणातल्या भूखंडाची रुंदी ४० मीटर असेल आणि तो लाल रेषेपर्यंत भरून काढला, तर सुमारे ४,००० घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटर पाण्याची जागा गेली. एवढ्याने नदीला काय फरक पडतो, असं वाटेल. एका भूखंडाने फारसा पडत नाहीही. पण काठावरचा प्रत्येकजण हाच युक्तिवाद करतो. आणि साठ्यापेक्षाही गंभीर आहे ती वाट अरुंद होणं. तेवढंच पाणी कमी रुंदीतून जायचं, तर ते आधी वरच्या अंगाला चढतं आणि मग वेगाने निघतं. चढलेलं पाणी शेजारच्या वस्तीत जातं. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या इमारतीने दुसऱ्याचं घर बुडवावं, हे मला कुठल्याच कारणाने मान्य होण्यासारखं वाटत नाही.

दुसरं, ती भिंत. उतारावरची माती अडवणाऱ्या भिंतीला रिटेनिंग वॉल म्हणतात. चार मीटर उंच भिंतीमागे कोरडी माती असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५ टनांचा रेटा येतो. तीच माती पाण्याने भरली, की रेटा १० टनांच्या आसपास जातो. मातीपेक्षा पाणीच जास्त ढकलतं. म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायची भोकं ठेवतात आणि मागे खडी भरतात. ही भोकं गाळाने बुजली, किंवा नंतर कुणी 'ओल येते' म्हणून सिमेंटने बंद केली, तर भिंतीवर दुप्पट भार येतो. अशा भिंती पडतात तेव्हा त्या भर पावसातच का पडतात, त्याचं उत्तर इथे आहे.

आणि हे पाणी नदीतून येणारंच असतं असं नाही. उतारावरच्या इमारतीला नदी खालून भेटते आणि पाऊस वरून. रस्त्यावरचं, वरच्या वस्तीतलं पाणी उताराने थेट इमारतीच्या पाठीवर येतं. त्याला अडवून बाजूने वळवणारी चर रस्त्याच्या कडेलाच हवी. जागेतून एखादा ओहोळ जात असेल, तर तो पाइपात कोंबण्यापेक्षा उघडा ठेवून त्याच्या बाजूने इमारत बसवावी.

पूर चढताना जेवढा धोका असतो, तेवढाच तो उतरतानाही असतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सांगलीसारख्या ठिकाणी पाणी कित्येक दिवस उभं राहतं. तेवढ्या काळात काठाची माती आतपर्यंत पाणी पिते. बाहेरून नदीचं पाणी काठाला टेकू देत असतं, त्यामुळे काठ उभा असतो. मग वरच्या धरणाचे दरवाजे बंद होतात आणि नदी भराभर उतरते. बाहेरचा टेकू गेला, पण मातीतलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. जड झालेली, आतून दाबाखाली असलेली माती घसरते. म्हणून भरावावरची इमारत पूर येऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तडकू शकते. इमारतीचे पाये त्या घसरू शकणाऱ्या मातीच्या खाली, कातळापर्यंत गेलेले असावे लागतात ते यासाठी.

## 'मग खांबांवर उचलली की झालं ना?'

निम्मं झालं. खांबांमधून पाणी जातं हे खरं, पण वाहतं पाणी खांबालाही ढकलतं आणि त्याच्या बुडाशी भोवरा करून माती उकरतं. वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे खांब गोल असावेत, कमी आणि लांब अंतरावर असावेत, त्यांच्या ओळी प्रवाहाच्या दिशेने असाव्यात, आणि पाया उकरल्या जाणाऱ्या थरापेक्षा खोल असावा. खांबांच्या मधली मोकळी जागा मोकळीच राहिली पाहिजे. इथे बहुतेक इमारती चुकतात. पाच वर्षांत तिथे गोदाम होतं, दहा वर्षांत विटांची भिंत घालून कार्यालय होतं.

पाण्याला सरळ छातीवर घेऊ नये, हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत होतं. वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. १७६२ मध्ये सरदार गणपतराव रास्ते यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, अशी ती रचना. ऐन काठावर, दरवर्षी पुराच्या तोंडी असलेली ती वास्तू अडीचशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. आजच्या इमारतीला मत्स्याकार भिंत हवीच असं नाही. पण इमारतीची लांब बाजू प्रवाहाला आडवी ठेवायची की समांतर, हा निर्णय आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

## तळघर, वीज आणि मोऱ्या

उतारावर खालच्या बाजूला 'फुकट' तळघर मिळतं, तिथे पार्किंग करू, ही दुसरी आवडती कल्पना. रिकामा तांब्या बादलीत उभा दाबून पाहा, तो हाताला वर ढकलतो. तळघराचंही तेच होतं. भोवतालची जमीन पाण्याने भरली आणि तळघराचा तळ पाण्याच्या पातळीखाली तीन मीटर असेल, तर त्या तळाच्या दर चौरस मीटरला ३ टनांचा उचल-दाब येतो. नुसत्या वजनाने तो दाबून धरायचा, तर सव्वा मीटर जाडीचं काँक्रीट लागेल. इमारत वर पूर्ण झालेली असेल तर तिचं वजन मदतीला येतं. बांधकाम अर्धवट असताना पावसाळा आला, तर ते वजन नसतं.

विजेचा मुख्य पॅनेल, जनरेटर, पंपांची स्विचं यांना पार्किंगशेजारची कोपऱ्यातली जागा मिळते, कारण ती कुणाला नको असते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुरात वीज गेली आणि रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जनरेटरची जागा छेदावर दाखवून घेतली पाहिजे, लाल रेषेच्या वर, आणि त्याचा डिझेलसाठाही.

लिफ्टचं तेच. लिफ्टच्या तळाशी दीड मीटरभर खड्डा लागतो. आपल्या नाट्यगृहात लिफ्ट ९७.३ वर थांबते, पण तिचा खड्डा ९५.८ पर्यंत जातो, लाल रेषेच्या खाली. तो जलरोधक करावा लागतो आणि पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी लागते.

आणि मोऱ्या. पुराचं पाणी नेहमी दारातूनच येतं असं नाही. नदी चढली की गटारातलं पाणी उलटं फिरतं आणि खालच्या पातळीवरच्या संडासातून, फरशीच्या जाळीतून वर येतं. बाहेर जाणाऱ्या नळाला उलट्या प्रवाहाला बंद होणारी झडप नसेल, तर दारं-खिडक्या कितीही घट्ट असोत, इमारत आतून भरते. झडप हजारांतली गोष्ट आहे. ती विसरल्यामुळे होणारं नुकसान लाखांत जातं.

## पायऱ्या सुंदर दिसतात, पण चढायच्या कुणी?

उतार दिसला की वास्तुविशारदाला पायऱ्या सुचतात. घाटाची आपली परंपरा मोठी आहे, त्यामुळे त्या शोभतातही. पण सार्वजनिक इमारत चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची, काठी टेकत येणाऱ्या आजींची आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईचीही असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ही बाब ऐच्छिक राहिलेली नाही.

रॅम्पला १२ मीटर लांबीला १ मीटर, यापेक्षा जास्त चढ असू नये. आपल्या नाट्यगृहात मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत ३.३ मीटरचा फरक आहे, म्हणजे ४० मीटर रॅम्प आणि मध्ये विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. मिळून पंचेचाळीस मीटरच्या पुढे. हे शेवटी आठवलं तर इमारतीला चिकटवलेली वळणावळणाची लोखंडी रॅम्प तयार होते, जी कुणी वापरत नाही. आधी आठवलं तर मार्ग जमिनीतच आहे: १५ टक्के उतारावर सरळ खाली न उतरता तिरकं गेलं, की चढ सौम्य होत जातो. तीच वाट सगळ्यांची मुख्य वाट करावी, शेजारी झाडं लावावीत, आणि पायऱ्या ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी ठेवाव्यात.

## पाण्याला जागा देणं

इमारतीच्या पुढचा नदीकडचा भाग, म्हणजे आपल्या भूखंडाचे शेवटचे २० मीटर, बुडणार हे मान्य केलं की तिथे फार चांगलं काही करता येतं. दगडी घाट, बसायचे ओटे, मोठी झाडं. तिथे फक्त पाण्याने न बिघडणाऱ्याच वस्तू हव्यात: दगड, काँक्रीट, गंज न धरणारं लोखंड. लाकडी डेक, जमिनीतले दिवे, तिकीटघर यांना तिथे काम नाही.

बुडण्याशी जुळवून घेतलेल्या वास्तूचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण नृसिंहवाडीचं दत्त मंदिर आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे मंदिर जवळपास दरवर्षी पाण्याखाली जातं. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवली जाते, पूजा तिथे चालू राहते, आणि पादुकांवरून जाणारं पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक स्नानासाठी गर्दी करतात. काय हलवायचं, कुठे हलवायचं, कोणी हलवायचं, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

पण ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही, आणि याकडे दुर्लक्ष होतं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीला आयर्विन पुलावर ४० आणि ४५. नदी एका पातळीवरून दुसरीवर जायला वेळ घेते, लोक आकडा बघत सामान हलवतात. नाशिककरही दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून गोदेचा पूर जोखतात. कोकणात नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत वाशिष्ठीतून चिपळूणमध्ये येतं, आणि खाडीला भरती असेल तर तुंबतं. तिथे 'इशारा आला की हलवू' ही योजनाच होऊ शकत नाही. मौल्यवान ते कायमच वर ठेवावं लागतं.

वाचनालयांच्या बाबतीत हे फार जाणवतं. २०१९ ला सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पाणी शिरलं आणि २०२१ ला पुन्हा. जुन्या इमारतींना दोष देण्यात अर्थ नाही, गाव त्यांच्याभोवती वाढलं आणि नदी बदलली. नव्याने बांधताना मात्र दुर्मीळ ग्रंथ सगळ्यांत वरच्या मजल्यावर आणि वाचनकक्ष खाली, एवढी साधी अदलाबदल छेदावर करता येते. कपाट हलवण्यापेक्षा माणसं हलवणं सोपं असतं.

## 'एवढी कटकट, तर दुसरीकडेच बांधा की'

काही इमारतींसाठी हेच उत्तर बरोबर आहे. रुग्णालय, अग्निशमन केंद्र, पोलिसांचा नियंत्रण कक्ष, तहसील कार्यालयाचे दप्तर: पुराच्या दिवशी ज्यांची सगळ्यांत जास्त गरज असते, त्या इमारती काठावर नकोतच. कितीही उंच केल्या तरी त्यांच्याकडे जाणारा रस्ता बुडतो. शाळेबद्दलही मी हेच म्हणेन, कारण पुरात ती निवारा केंद्र होते.

नाट्यगृह, कलादालन, खुला रंगमंच, व्यायामाची जागा यांचं वेगळं आहे. ती चार दिवस बंद राहिली तर चालतं, आणि उरलेलं वर्षभर नदीमुळे त्यांना जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. पणजीत मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी पाहावी. तिथे उतार फारसा नाही, पण १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत रस्त्यावरून आत शिरलेला माणूस तिकीट न काढता, कुणाला न विचारता, सावलीतून चालत थेट नदीशी पोचू शकेल, अशी वाट मध्यातून ठेवली होती. इमारत बुटकी ठेवली, त्यामुळे रस्त्याला नदी पारखी झाली नाही. आपल्या उतारावरच्या नाट्यगृहातही हे साधतं. त्याचं पाठीमागचं टोक रस्त्यापेक्षा एकाच मजल्याने उंच, त्यामुळे गच्चीवर उभं राहिलं तर समोर नदी. ती गच्ची प्रयोग नसतानाही उघडी ठेवावी, आणि बाजूची तिरकी वाट घाटापर्यंत रात्री दिवे लावून खुली असावी.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. खोल पाये, गोल खांब, झडपा, वर नेलेली विद्युतयंत्रणा यांनी सुरुवातीचा खर्च वाढतो. पण भराव, मोठी संरक्षक भिंत आणि तळघर यांचा खर्च वजा केला, तर तफावत वाटते तेवढी राहत नाही. देखभालीचा खर्च मात्र वेगळा धरावा लागतो, आणि तोच अंदाजपत्रकात नसतो. पूर ओसरल्यावर मागे राहणारा गाळ ओला असतानाच धुऊन काढावा लागतो. वाळला की तो फावड्याने खणावा लागतो, आणि त्यासोबत दगडाचे सांधेही उखडतात. म्हणून घाटाच्या प्रत्येक टप्प्याला नदीकडे किंचित उतार हवा, जोराच्या पाण्यासाठी नळजोडणी आणि पंप वरच्या पातळीवर हवा, आणि भिंतीची भोकं दरवर्षी मे महिन्यात साफ करणारा एक माणूस नेमलेला हवा. निविदेत हे काम पहिल्या पाच वर्षांसाठी त्याच ठेकेदाराकडे लिहून घेता येतं. नगरपालिका हरकती-सूचना मागवते तेव्हा छेदाची प्रत मागताना निविदेतलं हे कलमही मागून घ्यावं.